रामिश्कू

तिसरा पेला नाकाशी नेला आणि राहीला एकदम वाटलं, घरात कोणीतरी आलंय. तिने मान वळवून दाराकडे पाहिलंसुद्धा. दार बंद होतं. आत स्वयंपाकघरात सासूबाई विळीवर काहीतरी चिरत होत्या, खाली नाचणे रोडवरून रिक्षा जात होत्या, समोरच्या गच्चीवर कुणीतरी गोधड्या वाळत घालत होतं. रविवारची सकाळ होती आणि कोणीही आलेलं नव्हतं. समोर अनिल बसला होता, दोन्ही हात टेबलावर ठेवून, नेहमीसारखा. त्याच्यामागे फळीवर तीन बाटल्या उभ्या होत्या. नावं दिसू नयेत म्हणून तिन्ही बाटल्यांना त्याने आपले जुने मोजे चढवले होते. "काय झालं?" त्याने विचारलं. "काही नाही," ती म्हणाली आणि पेला खाली ठेवला. ठेवताना काच टेबलावर वाजली. हळूच वाजली, पण तिला ती फार मोठ्याने ऐकू आली.

ही रविवारची तालीम त्यांच्या घरात गेल्या पावसाळ्यापासून चालू होती. वाइनवर राहीचं पोट होतं. गणपतीपुळ्याच्या बाजूच्या एका मोठ्या हॉटेलात कुठल्या वाइन ठेवायच्या ते ती ठरवत असे, आणि अधूनमधून मुंबईला जाऊन नव्या पोरापोरींना शिकवतही असे. मांडवीच्या तांडेलाची मुलगी हे असलं शिकवते याचं लोकांना नवल वाटे. तिला स्वतःला वाटत नसे. लहानपणी ती डोळे मिटून किनाऱ्यावरून चालायची आणि नुसत्या नाकाने ओळखायची की इथे जाळी वाळताहेत, इथे होडीला डांबर लावलंय, इथे सुकट पसरलीय, आता आपलं घर आलं. पुढे मोठ्या शहरांत तिला जे शिकवलं गेलं ते याहून फार वेगळं नव्हतं. फक्त वासांची नावं परकी होती. येत्या फेब्रुवारीत तिची शेवटची परीक्षा होती. त्यात बाटली दाखवत नाहीत, समोर नुसते पेले ठेवतात. रंगावरून, वासावरून, चवीवरून द्राक्ष कुठलं आणि गाव कुठलं ते सांगायचं. मागच्या खेपेला ती तिथेच अडखळली होती. घरी सराव करायचा तर ओतून देणारं कुणीतरी हवं, आणि ते काम अनिलने आपणहून घेतलं. मारुती मंदिराजवळ त्याचं चष्म्याचं दुकान होतं. इतकी वर्षं तो लोकांच्या डोळ्यांपुढे एकामागून एक काचा धरत आला होता. हे बरं की हे? आता? घाई नाही, परत बघा. समोरच्याला उत्तर आपल्या चेहऱ्यावर वाचता येऊ नये म्हणून चेहरा कोरा ठेवायची त्याला सवयच झाली होती, आणि तोच चेहरा घेऊन तो रविवारी टेबलाशी बसे. पालीच्या बाजूच्या शेतकरी घरातला हा माणूस. वाइनमधलं त्याला काही कळत नव्हतं. पण राही "साल पातळ असणार, ऊन सोसत नसेल," असं म्हणाली की तो गंभीरपणे मान हलवायचा, कुणा आजारी नातेवाइकाबद्दल बोलणं चाललं असावं तसा.

"रंग?" अनिलने विचारलं.

तिने पेला पांढऱ्या कागदावर तिरका धरला. "फिकट. कडेला विटकरी. बरीच जुनी आहे." आपला आवाज नेहमीसारखा निघाला याचं तिला बरं वाटलं. "वास?" त्याने विचारलं. तिने पुन्हा नाक नेलं, खरं तर नेण्याची गरज नव्हती. तोंडाने ती परीक्षेची भाषा बोलू लागली. आंबट चेरी, देवदाराचं लाकूड, थोडी राळ. पण तिच्या आत दुसरीच नावं उठत होती. उन्हात सुकवलेली आमसुलं. भाट्याच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडाला खरवडलं की बोटांना येतो तो चिकाचा वास. आणि या सगळ्याखाली ओहोटीनंतरची ओली वाळू, खारट, गार. हे एकच द्राक्ष असं होतं. रामिश्कू. जगाच्या एका कोपऱ्यात, समुद्राकाठच्या वाळूच्या एका पट्ट्यात ते होतं, आणि ते पिणारी माणसंही बहुतेक तिथलीच. मुंबईहून तिने आणलेल्या बाटल्या कुठल्या ते तिला पाठ होतं. त्यांत हे नव्हतं. मुंबईतल्या कुठल्याच दुकानात तिने ते कधी पाहिलं नव्हतं. मग ते नाचणे रोडवर, दुसऱ्या मजल्यावर, अनिलच्या निळ्या मोज्यातून कसं काय निघालं?

प्रवासी बोटीवरची नोकरी सोडून ती लिस्बनला उतरली होती. तिथल्या एका लहान हॉटेलात वाइन वाढायचं काम मिळालं. पहिले काही दिवस भाषेने जीव नको केला, आणि मग मराठीतलेच एकेक शब्द तिथे सापडू लागले. चावी. बादली. साबण. तळघरातल्या वाइनच्या पिंपाला ते लोक 'पीपा' म्हणतात हे कळलं तेव्हा तिला हसू आवरेना. मांडवीच्या घरी मागच्या दारी पाण्याचं पिंप होतं, त्यात तोंड घालून ती हाका मारायची. परक्याच्या घरात आपल्याच घरची भांडी दिसावीत तसं झालं. दुआर्त त्या हॉटेलला वाइन पुरवायचा. लिस्बनपासून तासाभरावर, कोलारेशला, समुद्राला लागून त्याच्या आत्याची वाडी होती. त्याने तिला एका रविवारी तिथे नेलं. तिने आधी द्राक्षांचे मळे पाहिले होते, पण असे नाही. सगळी वाळूच. वाळूच्या खाली खोलवर चिकणमाती; तिथवर खड्डा खणून वेलीची मुळं टेकवायची आणि मग वाळू हळूहळू लोटत आणायची. जुन्या काळी खणणारी माणसं डोक्यावर टोपली घालून खड्ड्यात उतरत, वाळू अंगावर आली तर तोंडापाशी श्वासापुरती जागा राहावी म्हणून. वेली उभ्या राहत नाहीत. समुद्राच्या वाऱ्याला भिऊन जमिनीवर आडव्या पडतात. घोस पिकायला आले की वाळू तापून ते पोळतात, म्हणून एकेका फांदीखाली काटकी लावून तिला जरासं उचलायचं. राहीने ते काम गुडघ्यांवर बसून केलं. झोपलेल्या पोराचं डोकं उशीवर घ्यावं तसं ते काम होतं. संध्याकाळी दुआर्तने तिला पेला दिला आणि विचारलं, "तुला कसला वास येतो?" तोपर्यंत तिला सगळ्यांनी सांगितलं होतं, कसला वास यायला हवा. तिला येतो कसला, हे विचारणारा हा पहिलाच. ती पटकन म्हणाली, "आमसूल." त्याने तो शब्द तोंडात घोळवला, वाइन घोळवतात तसा, आणि चुकीचाच उच्चारला. पुढे आईने रत्नागिरीहून पाठवलेली आमसुलं तिने त्याला दिली, तर तो ती खिशात घालून वाडीत हिंडायचा, एक पेल्याचा वास, एक खिशातला. त्याच्या सगळ्या सदऱ्यांच्या खिशांना जांभळे डाग पडले होते.

"चव घेणार ना?" अनिल म्हणाला.

तिने घोट घेतला. हिरड्या आवळल्या गेल्या, जिभेच्या कडांना पाणी सुटलं. हीच ती. कोवळी असताना ही तोंड धरते, बोलू देत नाही; वर्षं गेली की मऊ होते, पण पुरती कधीच होत नाही. ती "आंबटपणा जास्त, तुरटपणा जास्त, दारू कमी," असं म्हणत राहिली, आणि मनात एकच प्रश्न फिरत राहिला, की याला किती माहीत आहे. तिने अनिलला काय सांगितलं होतं? लिस्बनला नोकरी केली. हवा छान असते. मासे आपल्यासारखेच खातात. खोटं यातलं काही नव्हतं. वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला म्हणून ती महिनाभरासाठी परत आली होती. महिन्याचं वर्ष झालं. आधी रोज फोन व्हायचे, मग रविवारी, मग सणावारी. तिकडचे सण इकडे नव्हते, इकडचे तिकडे नव्हते. भांडण कधी झालंच नाही. झालं असतं तर निदान एक शेवट तरी झाला असता. घर झाडता झाडता एखादी वस्तू कोपऱ्यात सरकत जावी तसं ते सगळं सरकत गेलं. आणि त्याच वर्षात अनिल घरी आला होता, तिच्या वडिलांचा, रावजींचा, चष्मा करायला. रावजींचं तोंड वाकडं झालेलं, शब्द फुटायला वेळ लागायचा. येणारी-जाणारी माणसं त्यांचं वाक्य स्वतःच पुरं करून टाकायची. अनिल खाटेशी बसून त्यांच्या डोळ्यांपुढे काच धरायचा, "हे बरं की हे?" विचारायचा आणि उत्तर येईपर्यंत थांबायचा. रावजी घशातून आवाज काढत राहायचे, आणि हा माणूस काच धरून तसाच. राही दारात उभी राहून ते बघत होती, आणि तिचं काय ते तिथेच ठरलं. म्हणजे एक मोडलं म्हणून दुसरं जोडलं असं नव्हतं. दोन्ही खरं होतं. पण हे अनिलला सांगायचं कसं, कुठल्या दिवशी, भाजी निवडताना की झोपताना? आणि न विचारणाऱ्या माणसाला सांगायचं तरी का? अशी वर्षं गेली.

आनंदीबाई दारात आल्या. सून काचेच्या पेल्यांतून पिते आणि थुंकते, हे त्यांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा देवाला नारळ ठेवला होता. आता त्यांना त्याचं काही वाटेनासं झालं होतं. "काय गो राही, झाला का तुझा काढा? भाकऱ्या टाकू की थांबू?" त्यांनी तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. "तोंड का असं उतरलाय? कडू हाय काय?"

"आंबट आहे, आई."

"मग फेकू नको. बांगड्याच्या सारात घाल," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

एरवी अनिल हसला असता. आज तो हसला नाही. राहीने त्याच्याकडे पाहिलं. चेहरा तोच, दुकानातला. मग आता काय म्हणायचं? बागा म्हणता येईल. बागा नावाचं तिकडचंच दुसरं द्राक्ष आहे, तेही असंच आंबट, असंच तुरट. भलेभले त्यात फसतात. परीक्षेतसुद्धा या चुकीला कुणी हसलं नसतं. बागा म्हटलं की हा पेला धुतला जाईल, भाकऱ्या होतील, दुपारी अनिल जरा पडेल. फक्त ती बाटली कुठून आली हे तिला कधीच विचारता येणार नाही. चालेल. इतकं चाललं आहे, तर हेही चालेल.

"बागा," ती म्हणाली.

अनिलचा अंगठा टेबलाच्या कडेवर सावकाश मागेपुढे फिरत होता. टेबलाला तिथे एक टवका उडाला होता, तो पुसून निघेल अशासारखा.

"पक्कं?" त्याने विचारलं. आणि जरा थांबून, "की परत बघतेस? घाई नाही."

तिने त्या अंगठ्याकडे पाहिलं. या माणसाला उत्तर माहीत होतं. नुसतं द्राक्षाचं नाव नव्हे, सगळंच. आणि तो काच धरून बसला होता, तिला लागेल तेवढा वेळ.

"नाही," राही म्हणाली. "रामिश्कू." तो शब्द तिने या गावात कधी मोठ्याने उच्चारला नव्हता, म्हटल्यावर तो तिला परका नाही वाटला, उलट गावातल्याच कुठल्या तरी वाडीचं नाव घेतल्यासारखा वाटला. "कोलारेशचं. वाळूतलं. साल सांगू?"

"सांग."

"मी तिथे होते तेच."

अनिल उठला. बाटली घेऊन आला आणि तिचा मोजा हळूहळू खाली ओढला. लहान, रुंद खांद्यांची बाटली, लेबलाचा एक कोपरा ओल लागून उडालेला. ती त्याने टेबलावर ठेवली, तिच्या बाजूला. मग खुर्ची ओढून बसला, समोर नव्हे, तिच्या शेजारी.

"दुआर्ते गेले," तो म्हणाला. "सप्टेंबरात. वाडीतच. छातीत दुखलं म्हणाले, बसले, आणि मग उठलेच नाहीत."

'गेला' नाही म्हणाला तो. 'गेले' म्हणाला. राहीच्या आधी तेच लक्षात आलं. गावातलं कुणी वडीलधारं माणूस गेल्यावर म्हणतात तसं. नावाच्या शेवटी त्याने एक मात्राही जास्त लावली होती; ऐकून ऐकून पाठ केलेलं नाव.

"तुला कोणी सांगितलं?"

"त्यांच्या बहिणीने. फिलिपा. तुझा जुना नंबर दुकानातल्या फोनमध्ये आहे ना, त्यावर फोन आला, दिवाळीनंतर. तिचं इंग्रजी माझ्यासारखंच. दोघंही अडखळत होतो, म्हणून बरंचसं समजलं. ही बाटली त्यांनी तुझ्यासाठी बाजूला ठेवली होती. ती विचारत होती, पाठवू कशी. मी म्हटलं, थांबा. पालीचा आपला संदेश बोटीवर नोकरीला आहे, त्याची बोट लिस्बनला लागणार होती. त्याला सांगितलं, तू स्वतः जाऊन घे, कुणाच्या हाती देऊ नको. परवा तो आला."

"आणि मला नाही सांगितलंस."

"परीक्षा होईपर्यंत थांबणार होतो. मग वाटलं, थांबवणारा मी कोण? रोज रात्री ठरवायचो, सकाळी सांगू. तोंड उघडलं की आवाजच कसातरी व्हायचा." तो बाटलीकडे बघत बोलत होता. "मागे तुला ताप चढला होता, लेप्टोचा. चार-पाच रात्री तू त्या भाषेत बोलत होतीस. मला काय कळणार? पण नाव कळतं माणसाला. दुआर्ते, दुआर्ते. मी कपाळावर पट्ट्या ठेवत होतो. म्हटलं, हे हिचं आहे. हिला द्यायचं असेल तेव्हा देईल."

राहीला ते आठवत नव्हतं. फक्त कपाळावरचा गारवा आठवत होता.

"खरं सांगू?" अनिल म्हणाला. "आज ओतताना मला वाटत होतं, नको ओळखूस. इतकी वर्षं झाली, विसरली असेल. चुकलीस तर म्हणजे ते तेवढं मोठं नव्हतं. आणि तू बागा म्हणालीस ना, तेव्हा आधी मला बरं वाटलं." त्याने हातातला मोजा टेबलावर ठेवला. "मग नाही वाटलं. तू चुकलेली दिसत नव्हतीस. तू भ्यालेली दिसत होतीस. माझ्यासमोर."

राहीने पेला पुन्हा उचलला. आमसूल, राळ, गार वाळू. वास तोच होता. माणूस गेल्याचं वासाला कळलेलं नव्हतं. गुडघ्यांना टोचणारी वाळू, खिशावरचे डाग, 'आम्सूल' म्हणताना होणारं त्याचं तोंड, सगळं जसंच्या तसं त्या पेल्यात उभं होतं, आणि ज्याचं होतं तो नव्हता. मग तिला रडू आलं. आवाज न करता नाही, चांगलं हुंदके देऊन, मांडवीच्या बायका रडतात तसं. अनिलने तिच्या पाठीवर हात ठेवला. आनंदीबाईंनी एकदा दारातून डोकावून पाहिलं. आत जाऊन त्यांनी गॅस बंद केल्याचा आवाज आला.

बऱ्याच वेळाने राहीने पदर नव्हता म्हणून टेबलावरच्या मोज्यानेच डोळे पुसले. "मी तुला सांगायला हवं होतं," ती म्हणाली.

"आता सांग. आज दुकान बंद आहे."

आणि तिने सांगितलं. सलग नाही, जसं आठवेल तसं. वाळूतल्या वेली आधी, बोट नंतर, वडिलांचा झटका मध्येच. अनिल ऐकत होता. "टोपली कशाला डोक्यावर?" असं त्याने एकदा विचारलं, आणि तिने टोपलीचं सगळं परत सांगितलं. भाकऱ्यांचं पीठ आत तसंच मळून राहिलं. एका जागी ती म्हणाली, "मी त्याच्यावर फार प्रेम केलं," आणि मराठीत हे वाक्य किती उघडं पडतं ते तिला म्हणाल्यावर कळलं. अनिलने मान हलवली. त्याला लागलं होतं, ते दिसत होतं, आणि ते त्याने लपवलं नाही. पहिल्यांदाच तो चेहरा कोरा नव्हता. तिने तो नीट पाहून घेतला.

"फिलिपा म्हणाली होती, केव्हाही फोन करायला सांग," तो शेवटी म्हणाला. "करायचाय? मी आत जाऊन बसतो."

"नको. इथेच बस."

फोन लागला. पलीकडचा आवाज ऐकताच राहीच्या तोंडातली ती भाषा आधी गंजल्यासारखी करकरली, मग एकेक शब्द सुटू लागले. फिलिपा रडली, राही रडली. फिलिपाने वाडीचं सांगितलं, यंदा घोस कमी आले त्याचं, काटक्या लावायला माणसं मिळत नाहीत त्याचं. शेवटी तिने विचारलं, "तू आत्ता एकटी आहेस का गं?" राहीने शेजारी पाहिलं. अनिल मान खाली घालून ते सगळं न कळणारं बोलणं ऐकत होता, मन लावून, एकही शब्द वाया जाऊ द्यायचा नाही अशासारखा.

"नाही," ती त्या भाषेत म्हणाली, "अनिल आहे."

एवढ्या अनोळखी आवाजांत आपलं नाव ऐकून अनिल दचकला. त्याने मान वर केली, आणि काय करावं ते न सुचून फोनकडे बघत दोन्ही हात जोडले.